चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स की लेझर : माझा निर्णय कशावर ठरला

लेझरने चष्मा जातो हे खरे आहे, पण डोळ्याला नंबर ज्या कारणाने लागतो ते कारण जात नाही. आणि हा फरक नीट समजून घेतल्याशिवाय शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मायनस नंबर असलेल्या बहुतेकांचा नेत्रगोल समोरून मागे थोडा जास्त लांब असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. चष्मा ती प्रतिमा मागे सरकवतो, कॉन्टॅक्ट लेन्स तेच काम डोळ्यावर बसून करते, आणि लेझर त्यासाठी कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, मधला भाग किंचित सपाट करते. नेत्रगोल मात्र तेवढाच लांब राहतो. म्हणूनच मोठा मायनस नंबर असणाऱ्यांना दृष्टिपटल फाटण्याचा किंवा सुटण्याचा जो जास्तीचा धोका असतो, तो शस्त्रक्रियेनंतरही कायम राहतो, आणि थेंब घालून बाहुली मोठी करून करायची तपासणी चष्मा गेल्यावरही चुकत नाही.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेचारच्या आसपास आहे, चष्मा शाळेपासून आहे आणि वय चाळिशीला टेकले आहे. शस्त्रक्रिया करून घ्यावी, असे मला मनापासून वाटत होते. पावसात काचा ओल्या होतात, उन्हात घामाने चष्मा नाकावरून घसरतो, झोपेतून उठल्यावर आधी उशाशी हात चाचपडतो; या साऱ्याला कंटाळणे हे क्षुल्लक कारण आहे, असे मी मुळीच मानत नाही. मात्र कंटाळा किती आहे यावरून आपला डोळा शस्त्रक्रियेला योग्य आहे की नाही, हे ठरत नाही. ते ठरते मोजमापांवरून, आणि त्यातले साधे गणित प्रत्येकाने स्वतः करून पाहावे असे आहे.

कॉर्नियाची मध्यभागातली जाडी सर्वसाधारणपणे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जराशी जास्त असते. लेसिक या लेझर शस्त्रक्रियेत वरचा सुमारे १०० ते १२० मायक्रॉनचा पापुद्रा, ज्याला डॉक्टर फ्लॅप म्हणतात, तो उचलून बाजूला केला जातो आणि खालच्या थरातून १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्सायमर लेझरने ठरावीक ऊती काढली जाते. ६ मिलिमीटर व्यासाच्या भागावर काम करायचे असेल, तर एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात. माझ्यासारख्याचे साठ-पासष्ट मायक्रॉन गेले तरी फ्लॅपखाली साडेतीनशेच्या वर उरतात, आणि तेवढे पुरेसे असतात. पण नंबर मायनस नऊ आणि कॉर्निया मुळात ४९० मायक्रॉनची असेल, तर शिल्लक २५० च्या आसपास येते. २५० मायक्रॉन ही किमान मर्यादा मानली जाते आणि आज अनेक शल्यविशारद ३०० च्या खाली जायला राजी नसतात, कारण पातळ झालेली कॉर्निया पुढे डोळ्यातल्या दाबाने फुगू लागली तर नजर बिघडते आणि ते नुकसान चष्म्याने भरून निघत नाही.

जाडीइतकाच आकारही महत्त्वाचा असतो. कॉर्निया हळूहळू शंकूसारखी पुढे येण्याच्या केराटोकोनस या विकाराची सुरुवात असेल, तर साध्या नंबर तपासणीत ती सहज लक्षात येत नाही. त्यासाठी कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी लागते. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या तरुणांनी तर ही तपासणी विशेष काळजीपूर्वक करून घ्यावी. कॉन्टॅक्ट लेन्समुळेही कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून मोजमापांच्या आधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त काळ बंद ठेवावी लागते. लेन्स कधीपासून बंद आहे, हे जिथे कोणी विचारतच नाही, तिथल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. तुम्हाला ही शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे सांगायची तयारी असलेला डॉक्टर मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

फ्लॅप नको असेल तर पीआरके ही लेझरचीच दुसरी पद्धत आहे. तीत कॉर्नियाचा अगदी वरचा थर काढून लेझर दिला जातो. पहिले काही दिवस वेदना होतात आणि नजर सावकाश स्थिरावते. स्माईल या आणखी एका पद्धतीत कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती तयार करून ती छोट्या छेदातून बाहेर काढतात. कॉर्निया पातळ आणि नंबर मोठा असलेल्यांसाठी डोळ्यात कायमची लेन्स बसवण्याचा पर्यायही असतो, पण ती डोळ्याच्या आत केलेली शस्त्रक्रिया असल्याने तिचा विचार स्वतंत्रपणेच करायला हवा.

माझ्या बाबतीत कॉर्निया पुरेशी जाड निघाली, पण अश्रू कमी निघाले. फ्लॅप करताना कॉर्नियातल्या नाजूक संवेदी नसा कापल्या जातात आणि त्या पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. तोवर डोळे कोरडे पडतात, आणि आधीच कोरड्या डोळ्यांना त्याचा त्रास जास्त होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या पाहणीत, आधी कोरडेपणाची लक्षणे नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी ती लक्षणे असल्याचे सांगितले, आणि दिव्यांभोवती वलये दिसण्यासारखी नजरेची लक्षणे आधी नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना निदान एक तरी नवे लक्षण जाणवले. त्याच पाहणीत ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेबाबत समाधानी होते, आणि लक्षणांमुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे १ टक्क्याहूनही कमी होते. हे सगळे आकडे एकत्रच वाचायला हवेत. जाहिरातीत फक्त समाधान दिसते आणि विरोधकांच्या लिखाणात फक्त लक्षणे दिसतात.

तरीही माझा निर्णय मुख्यतः वयामुळे ठरला. चाळिशीनंतर डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होत जाते आणि जवळचे वाचायला वेगळा नंबर लागतो. लेझर ते थांबवू शकत नाही, कारण ते काम करते कॉर्नियावर आणि बदल होतो भिंगात. आज मी चष्मा काढला की साधारण बावीस सेंटिमीटरवर धरलेले बारीक अक्षर मला लख्ख दिसते, आणि ही सोय साठीतही माझ्याजवळ राहील. दूरचा नंबर शून्यावर आणून मी ती गमावली असती आणि थोड्याच वर्षांत वाचायच्या चष्म्याकडे वळलो असतो. एका डोळ्यात मुद्दाम थोडा मायनस ठेवण्याची युक्ती आहे खरी, पण ती सर्वांना मानवत नाही; ज्यांना करून पाहायची असेल त्यांनी आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्सवर तशी नजर अनुभवून घ्यावी.

माझ्या भाचीचे वय पंचविशीचे, नंबर दोन वर्षे स्थिर आणि डोळे ओलसर. तिने शस्त्रक्रिया करून घेतली आणि मी तिला मनापासून दुजोरा दिला. तिच्यापुढे चष्म्याविना जवळपास वीस वर्षे आहेत, माझ्यापुढे ती तेवढी नव्हती.

मी रोज चष्माच वापरतो, आणि प्रवासात किंवा खेळताना एकदा वापरून टाकून द्यायच्या लेन्स, त्याही मोजके तास. लेन्स म्हणजे जोखीम नसलेला मधला मार्ग, हा समज मात्र चुकीचा आहे. दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्यांमध्ये कॉर्नियाला गंभीर जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण वर्षाला दहा हजारांत साधारण २ ते ४ आहे, आणि लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये ते २० च्या आसपास जाते. नळाच्या पाण्याने लेन्स धुणे किंवा त्या घालून पोहणे यातून अकँथअमीबा या पाण्यातल्या सूक्ष्मजीवाचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो बरा करणे अतिशय जिकिरीचे असते.

जे शस्त्रक्रिया करून घेणार आहेत त्यांनी आधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी यांची कागदपत्रे कायमची जपून ठेवावीत. पुढे मोतीबिंदूच्या वेळी आत बसवायच्या लेन्सची ताकद ठरवताना बदललेल्या कॉर्नियामुळे हिशेब चुकू शकतो, आणि पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्यातला दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जात असल्याने काचबिंदू उशिरा लक्षात येऊ शकतो. त्यामुळे डोळे तपासणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला, त्यांनी विचारले नाही तरी, लेझर झाल्याचे आपणहून सांगावे.