व्हिडिओ इम्पोर्ट होत नाही? कन्व्हर्ट करण्याआधी फाइल तपासा

व्हीएलसीमध्ये छान चालणारी फाइल एडिटिंग सॉफ्टवेअर घेत नाही, म्हणून कोणी मदत मागितली की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: कन्व्हर्ट करून घ्या. मला हे उत्तर मुळीच पटत नाही. कधी फाइल अर्धवट कॉपी झालेली असते, कधी नुसता ऑडिओचा कोडेक, म्हणजे आवाज किंवा चित्र दाबून साठवायची पद्धत, नडतो, कधी सॉफ्टवेअरचा कॅशे, म्हणजे त्याने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, बिघडलेला असतो. यातल्या एकाही वेळी अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड करायची गरज नसते. त्यात तासन्‌तास जातात, क्वालिटी उतरते आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

एरर मेसेजवर फार विसंबू नका. प्रीमिअर प्रो ‘फाइल फॉरमॅट नॉट सपोर्टेड’ म्हणतं तेव्हा फॉरमॅट चालणारा असून फाइल तुटलेली असू शकते. ‘इम्पोर्टर रिपोर्टेड अ जेनेरिक एरर’ यातून तर काहीच कळत नाही. दाविंची रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर पुष्कळदा एररसुद्धा देत नाही. क्लिप मीडिया पूलमध्ये येते, पण चित्राच्या जागी ‘मीडिया ऑफलाइन’ दिसतं किंवा फक्त ऑडिओ येतो. खरं तर हे लक्षण कोणत्याही मेसेजपेक्षा उपयोगी आहे. आवाज आला आणि चित्र नाही, तर व्हिडिओचा कोडेक तपासा. चित्र आलं आणि आवाज नाही, तर ऑडिओचा. दोन्ही नाही, तर फाइल, तिची जागा किंवा कंटेनर.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय हे कंटेनर, म्हणजे नुसते डबे. आत काय भरलंय ते झाकणावरून कळत नाही. आतला व्हिडिओ एच.२६४ असेल, एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी असेल, व्हीपी९ असेल किंवा एव्ही१. त्यामुळे एकाच एक्स्टेन्शनच्या दोन फाइलींपैकी एक येते आणि दुसरी येत नाही, यात नवल नाही. आणि एक्स्टेन्शनचं नाव बदलून एमकेव्हीचं एमपी४ होत नाही. फाइल आतून तशीच राहते, वर आपल्याच गोंधळात भर पडते.

व्हीएलसी सगळं चालवतं कारण त्याचे डीकोडर त्याच्यासोबतच येतात आणि त्याला फाइल सुरुवातीपासून ओळीने वाचायची असते. मधली एखादी फ्रेम खराब असली तरी ते पुढे सरकतं. एडिटिंग सॉफ्टवेअरला टाइमलाइनवर कुठेही क्लिक केलं तरी नेमकी तीच फ्रेम काढून द्यावी लागते. त्यासाठी फाइलमधली फ्रेमची अनुक्रमणिका धड असावी लागते आणि तो कोडेक उलगडायचा परवानाही सॉफ्टवेअरकडे असावा लागतो. म्हणून ‘व्हीएलसीत चालते’ हा पुरावा अपुरा आहे.

पहिलं काम: मीडियाइन्फो. फाइलच्या आतली माहिती दाखवणारं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. फाइल त्यात टाका आणि व्ह्यू मेनूतून टेक्स्ट किंवा ट्री निवडा, बेसिक व्ह्यूत हवी ती माहिती सगळी दिसत नाही. समजा व्हिडिओ विभागात असं दिसलं: फॉरमॅट एचईव्हीसी, फॉरमॅट प्रोफाइल मेन ४:२:२ १०, बिट डेप्थ १० बिट्स, फ्रेम रेट मोड व्हेरिएबल. या एका क्लिपमध्ये तीन निरनिराळ्या अडचणी उघड दिसतात. कोडेक जड आहे, क्रोमा सबसॅम्पलिंग (४:२:२, म्हणजे रंगाची माहिती किती ठेवली आहे ते) बहुतेक ग्राफिक्स कार्डांना न झेपणारं आहे आणि फ्रेम रेट बदलता आहे. आणि जर फक्त जनरल विभाग दिसला, त्यात फाइलचा आकार काही जीबी आहे, पण व्हिडिओ-ऑडिओचे विभागच नाहीत, तर कोडेकचा विचार सोडा. ती फाइल तुटलेली आहे. ‘इज ट्रंकेटेड: येस’ अशी ओळ दिसली तर फाइल शेवटाकडून कापली गेली आहे.

कापली गेलेली फाइल बहुतेक वेळा कॉपी करताना कापली जाते. कार्ड रीडरची केबल हलली, लॅपटॉप झोपला, कार्ड ‘इजेक्ट’ न करता काढलं. मूळ कार्डावरच्या फाइलचा आकार आणि कॉपीचा आकार बाइट्समध्ये जुळवून पाहा. एमबी किंवा जीबीमध्ये नाही, कारण त्या गोल केलेल्या आकड्यात फरक लपतो. आकार जुळला तरी आतला डेटा बिघडलेला असू शकतो, म्हणून चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासणारं कॉपी सॉफ्टवेअर वापरलेलं बरं. विंडोजवर टेराकॉपीत कॉपीनंतर पडताळणीची सोय आहे. आणि क्लिप इम्पोर्ट होऊन टाइमलाइनवर शेवटपर्यंत चालल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. तुटलेल्या कॉपीवर मूळ फाइलपेक्षा चांगला इलाज नाही.

मूळ फाइलच तुटलेली असेल तर? एमपी४ आणि एमओव्हीमध्ये ‘मूव्ह ॲटम’ नावाचा भाग असतो. कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे, कोडेक कोणता, लांबी किती, हे सगळं त्यात असतं, आणि बहुतेक कॅमेरे तो रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितात. मध्येच बॅटरी संपली किंवा कार्ड निघालं की चित्र-आवाजाचा डेटा जागेवर असतो, पण तो वाचायचा नकाशाच नसतो. एफएफएमपेग हे कमांडवर चालणारं साधन अशा फाइलवर ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’ म्हणतं. अशी फाइल कोणत्याही कन्व्हर्टरमध्ये टाकून उपयोग नाही, कारण त्यालाही ती वाचता येत नाही. आधी कार्ड पुन्हा त्याच कॅमेऱ्यात घालून कॅमेरा सुरू करा, काही कॅमेरे अर्धवट क्लिप स्वतःच दुरुस्त करतात. ते जमलं नाही तर ‘अनट्रंक’ नावाचं मोफत साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगमध्ये घेतलेली एक धडधाकट क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते. रेझोल्यूशन, फ्रेम रेट, कोडेक सगळं तेच हवं. नमुना वेगळा असला की दुरुस्ती फसते. स्क्रीन रेकॉर्डिंगवाल्यांसाठी तर सोपा बचाव आहे: ओबीएसमध्ये थेट साध्या एमपी४ऐवजी एमकेव्हीत रेकॉर्ड करा आणि काम झाल्यावर फाइल मेनूतून ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ करून ती एमपी४त घ्या. वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं.

आता खरोखर कोडेकची अडचण. आयफोन २०१७च्या आयओएस ११पासून एचईव्हीसीत रेकॉर्ड करू शकतो, आणि कॅमेरा सेटिंगमध्ये ‘हाय एफिशिअन्सी’ असेल तर फाइल तीच येते. पुढच्या शूटसाठी फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की नेहमीच्या सेटिंगचा व्हिडिओ एच.२६४मध्ये मिळतो. जुन्या विंडोज मशीनवर एचईव्हीसी अडला तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ आहे का ते पाहा आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा. १० बिट ४:२:२चं प्रकरण वेगळं आहे. विंडोजवर रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत अशा क्लिपचा नुसता आवाज येणं नेहमीचंच. हार्डवेअर डीकोडिंगही सरसकट मिळत नाही: इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या क्विक सिंकला (प्रोसेसरमधल्या व्हिडिओ यंत्रणेला) १० बिट ४:२:२ एचईव्हीसी जमतो, एनव्हिडियाच्या कार्डांत मात्र ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. महागडं पण जुनं कार्ड असूनही साधा इंटेल लॅपटॉप तीच क्लिप जास्त सहज चालवतो, त्याचं कारण हे.

लिनक्सवर रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी हे आधीच माहीत करून घ्यावं: मोफत आवृत्तीत एच.२६४ आणि एच.२६५ चालत नाहीत, आणि एएसी ऑडिओचा अडथळा तर विकतच्या स्टुडिओ आवृत्तीतही वर्षानुवर्षं राहिला आहे. स्टुडिओत क्लिप येते पण मुकी. इथे व्हिडिओला हात लावायचं कारणच नाही. एफएफएमपेगने व्हिडिओ जसाच्या तसा कॉपी करा, फक्त ऑडिओ १६ बिट पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेल्या ऑडिओत, बदला आणि एमओव्हीत भरा. तासाभराच्या क्लिपलाही हे काम काही मिनिटांत उरकतं आणि चित्राची क्वालिटी तसूभरही कमी होत नाही.

एमकेव्हीबाबतही तेच. आत एच.२६४ असेल तर ‘रीरॅप’, म्हणजे आतलं न बदलता नुसता डबा बदलणं, पुरतं. शटर एन्कोडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये याच नावाचं फंक्शन आहे, कमांड लिहावी लागत नाही. आतला ऑडिओ ओपस असेल तर तेवढा बदलून घ्या. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट्सही ओपसच असतात. त्या ४८ किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएव्हीत बदला आणि मोकळे व्हा.

बदलता फ्रेम रेट इम्पोर्ट अडवत नाही, म्हणूनच तो जास्त घातकी. फोन अंधारात फ्रेम रेट उतरवतो, स्क्रीन रेकॉर्डर पडदा स्थिर असताना फ्रेम गाळतो. १० मिनिटांची क्लिप सरासरी २९.७ फ्रेमची असेल तर तिच्यात १७,८२० फ्रेम आहेत. सॉफ्टवेअरने त्या सरळ ३०च्या धरल्या तर चित्र ५९४ सेकंदांत संपतं आणि आवाज ६०० सेकंद चालतो. सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटी ६ सेकंदांचा फरक. हल्लीची सॉफ्टवेअर हे बऱ्यापैकी सांभाळून घेतात, पण लांब मुलाखतीला मी तरी तेवढ्यावर सोडणार नाही. हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये व्हिडिओ टॅबवर फ्रेम रेट निवडून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करा. क्वालिटीचा आरएफ आकडा १६ ते १८ ठेवा, आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त.

एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांच्या कार्डावरून फक्त स्ट्रीम फोल्डरमधल्या एमटीएस फाइली उचलू नका. लांब शॉट अनेक फाइलींत तुटलेला असतो आणि तो जोडायची माहिती बाकीच्या फोल्डरांत असते. अख्खा ‘प्रायव्हेट’ फोल्डर कॉपी करा आणि प्रीमिअरमध्ये फाइल मेनूतल्या इम्पोर्टऐवजी मीडिया ब्राउझरमधून घ्या.

जागेच्या अडचणी पटकन तपासून होतात. वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडमध्ये फाइलचं नाव दिसतं, पण ती मशीनवर उतरलेलीच नसते. विंडोजवर प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ ऑन डिस्क’ शून्य असेल तर हाच घोळ. फोल्डरात फोल्डर करत विंडोजवर पाथ २६० अक्षरांच्या पुढे गेला तरी फाइल नाकारली जाते. फाइल डी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरात टाकून बघा.

काल येत होती, आज येत नाही, आणि फाइल तर तीच आहे: तेव्हा कॅशेकडे वळा. प्रीमिअरमध्ये सगळे प्रोजेक्ट बंद करून प्रेफरन्सेस, मीडिया कॅशे, डिलीट असं जा आणि सगळ्या कॅशे फाइली काढण्याचा पर्याय निवडा. प्रोजेक्ट उघडा असेल तर तो पर्याय मिळत नाही. मूळ मीडियाला धक्का लागत नाही, फक्त वेव्हफॉर्म पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. तरीही हिरवी किंवा काळी फ्रेम दिसत असेल तर प्रेफरन्सेसच्या मीडिया विभागातलं हार्डवेअर डीकोडिंग बंद करून प्रीमिअर पुन्हा सुरू करा. चित्र आलं तर दोष ड्रायव्हरचा.

इतकं करूनही कन्व्हर्ट करणं भाग असेल तर पुन्हा एच.२६४ करू नका. प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठी बनवलेल्या कोडेकमध्ये करा. १० बिट क्लिपला डीएनएक्सएचआरमध्ये एचक्यूएक्स हा प्रकार लागतो, एचक्यू ८ बिटच आहे. जागेचा हिशोब आधी करा: प्रोरेस ४२२ला २५ फ्रेमच्या १०८०पी व्हिडिओसाठी तासाला साधारण ५५ जीबी, आणि ३८४० बाय २१६०साठी सुमारे २२० जीबी लागतात. नव्या फाइलींना मूळचीच नावं द्या, पण फोल्डर वेगळा ठेवा, म्हणजे पुढे प्रोजेक्ट मूळ फाइलींना पुन्हा जोडता (रीलिंक करता) येईल. मग दोन्ही फाइलींची ड्युरेशन मीडियाइन्फोत शेजारी शेजारी पाहा आणि नव्या फाइलची शेवटची दहा सेकंदं ओठ बघत ऐका.