दादरच्या जिन्यावर

आज दादरला पुलाच्या जिन्यावर मधेच थांबावं लागलं. उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली की रेलिंग घट्ट धरून उभी राहिले, मागून गर्दी येतच होती, आणि एका मावशींनी काही न विचारता माझी पिशवी घेतली, वरपर्यंत आणून दिली, त्यांची ट्रेन नक्की चुकली असणार. थँक्यू पण नीट म्हणता आलं नाही मला.

मला स्कोलिओसिस होता, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलेला, त्याच्या ऑपरेशनमध्ये मणके जोडलेत, रॉड आणि स्क्रू आहेत, पाठ सरळ झाली याचा आनंद आहेच. पण तेवढा भाग आता वाकत नाही आणि फिजिओ म्हणाल्या की तो ताण खुब्यावर येतोय, बर्सायटिस झालाय, म्हणजे हाडावर घर्षण होऊ नये म्हणून पातळ द्रवाची छोटी पिशवी असते ती सुजलीय. रात्री त्या कुशीवर झोपताच येत नाही. दुसऱ्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडते. आई बर्फ पंच्यात गुंडाळून आणते आणि 15 मिनिटं झाली की काढायला स्वतःच उठते, कितीही दमलेली असली तरी.

बाहेरून काही दिसत नाही ना, म्हणून ट्रेनमध्ये सीट मागायला फार संकोच वाटायचा. आज परत येताना मागितली. एका कॉलेजच्या मुलीने लगेच दिली.