श्पाँगलची बासरी आणि माझी तिहाई : ‘टेल्स ऑफ द इनएक्स्प्रेसिबल’ ऐकत ट्रॅक पुढे नेताना

घरी करत असलेल्या माझ्या इलेक्ट्रॉनिक ट्रॅकमध्ये मागच्या नोंदीपर्यंत किक (प्रत्येक मात्रेवरचा ड्रमचा जाड ठोका) आणि बेस जागेवर बसले होते. आता बासरीची पाळी. ट्रॅकमध्ये बासरी आणायची आणि ती हसरी ठेवायची, हे मी सुरुवातीपासून ठरवलं होतं. त्यासाठी आधी श्पाँगल या सायकेडेलिक संगीत करणाऱ्या जोडीचा दुसरा अल्बम पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत सलग, हेडफोनवर, वही घेऊन ऐकला. त्यामुळे या नोंदीत अल्बमचं परीक्षण आणि माझ्या टेबलावरचं काम एकमेकांत मिसळलेलं आहे. वेगळं करायचा प्रयत्न केला नाही, कारण एकातूनच दुसरं निघालं.

‘टेल्स ऑफ द इनएक्स्प्रेसिबल’ २००१ साली ट्विस्टेड रेकॉर्ड्सनं काढला. नऊ ट्रॅक. जोडीतला एक सायमन पोसफर्ड, म्हणजे हॅल्युसिनोजेन या नावानं ट्रान्स करणारा, ‘ट्विस्टेड’ (१९९५) आणि ‘द लोन डिरेंजर’ (१९९७) या अल्बमवाला. आणि दुसरा राजा राम. हा मूळचा मेलबर्नचा, १९४१ चा जन्म, खरं नाव रॉन रॉथफील्ड. साठच्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये क्विंटेसन्स नावाच्या बँडमध्ये तो बासरी वाजवायचा. त्या बँडचे गुरू होते स्वामी अंबिकानंद, आणि राजा राम हे नाव तेव्हापासूनचं. पुढे द इन्फिनिटी प्रोजेक्ट हा ट्रान्स गट, मग नव्वदच्या दशकात टिप हे रेकॉर्ड लेबल. गोव्यात हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांमधून जे संगीत जगभर गेलं, त्याला लंडनमध्ये घर मिळवून देणाऱ्यांत हा माणूस पुढे होता. अल्बम आला तेव्हा तो साठीच्या उंबरठ्यावर आणि पोसफर्ड तिशीच्या. दोघांच्या वयात तीस वर्षांचं अंतर आणि खोडकरपणात कणाचंही नाही. श्पाँगलचा जन्मही भारतातलाच म्हणायला हवा: इथे दोघांनी सूर्यग्रहण पाहिलं, कसं वाटतंय असं एकानं विचारल्यावर दुसऱ्याच्या तोंडून हा शब्द निघाला, आणि १९९८ च्या पहिल्या अल्बमचा शेवटचा लांबलचक ट्रॅक त्या ग्रहणावरच आहे.

कामाची वाटणी साधारण अशी, की राजा राम कल्पना, चित्रं आणि बासरी आणतो. सिंथ, रेकॉर्डिंग, कापाकापी आणि जुळवाजुळव पोसफर्डची. आपल्यासारख्या घरी बसून ट्रॅक करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण ऐकताना वाटतं बासरीवाला खेळतोय, पण बरेचदा बासरीशी खेळणारा दुसराच असतो.

आता विनोदाकडे.

सायकेडेलिक ट्रान्स, म्हणजे अखंड ठोक्यावर चालणारं गुंगवणारं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, हा तसा गंभीर चेहऱ्याचा प्रकार. अवकाशयानं, परग्रहवासी, मुखपृष्ठावर शंकर, मधूनच एखाद्या जुन्या विज्ञानपटातला खर्जातला आवाज. या अल्बमला त्यातलं काही वर्ज्य नाही, पण त्याची जात वेगळी आहे. स्पॅनिश गिटार आहे, गाणाऱ्या बायका आहेत, लय हवी तिथे संथ होते, हवी तिथे धावते. नावांतल्या कोट्या सगळ्यांना माहीत आहेत, त्यांवर मी थांबत नाही. ‘डॉर्सेट पर्सेप्शन’ तेवढा घेतो. नाव इंग्लंडच्या हिरव्यागार परगण्याचं आणि पहिल्या मिनिटापासून गिटार मात्र थेट स्पेनची. कुणी समजावून सांगत नाही, कुणी डोळा मारत नाही. गिटार इतकी मनापासून वाजलीय की हसू आणि अंगावरचा काटा एकदमच येतो. हा या अल्बमचा सगळ्यात मोठा गुण. विनोद करायचा म्हणून कुठलाही सूर स्वस्तात वाजवलेला नाही.

‘अ न्यू वे टू से हुर्रे!’ मध्ये टेरेन्स मॅकेन्नाचा आवाज आहे. वनस्पती आणि चेतना यांवर आयुष्यभर बोललेला हा अमेरिकन वक्ता एप्रिल २००० मध्ये गेला, म्हणजे अल्बम त्याच्यानंतर आला. तो इथे पलीकडच्या जगातल्या छोट्या प्राण्यांनी केलेल्या जंगी स्वागताचं वर्णन करतो. त्याचं बोलणंच मुळात लयदार, किंचित नाकातलं, प्रत्येक वाक्याच्या टोकाला वर उचललेलं. पोसफर्डनं त्या बोलण्याला वाद्यासारखं वागवलंय. शब्दांमधल्या श्वासाच्या जागा तशाच ठेवून त्यांत ताल भरलाय. बोलण्याचे नमुने वापरणारे ट्रान्समध्ये पुष्कळ आहेत, पण बोलणाऱ्याचा श्वास जपणारे फार थोडे.

‘माय हेड फील्स लाइक अ फ्रिस्बी’ माझा लाडका. नावातलंच वाक्य एक आवाज म्हणतो आणि नंतरचं संगीत ते वाक्य खरं करून दाखवतं. ‘अराउंड द वर्ल्ड इन अ टी डेझ’ अकरा मिनिटांच्या वर जातो आणि मला तिथे थोडा सैल वाटतो; एका प्रदेशाच्या रंगातून दुसऱ्यात जाताना मधल्या काही जागा नुसत्या वाट पाहायला लावतात. ‘रूम २३’ बद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. आणि शेवटी ‘फ्लूट फ्रूट’. जेमतेम दोन मिनिटांचा, इतक्या मोठ्या पसाऱ्यानंतर चिमुकला, आणि बासरीचा. माझ्या कामाची सुरुवात तिथून झाली.

अनेकदा ऐकल्यावर एक गोष्ट वहीत ठळक लिहिली: या दोघांचा विनोद समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, असतो. आवाज विचित्र आहेत म्हणून आपण हसत नाही. विचित्र आवाज काढणं कुठल्याही सिंथवर सोपं आहे. ट्रान्समध्ये किक अखंड चालू असते, बदल आठ किंवा सोळा आवर्तनांनी येतात, आणि ऐकणाऱ्याचे पाय हे न मोजता मोजत असतात. सम कुठे आहे हे शरीराला आधीच कळलेलं असतं. पोसफर्ड ती सम छान तयार करतो, तिच्यावर सगळ्यांना नेऊन उभं करतो, आणि अगदी शेवटच्या मात्रेवर काहीतरी घुसवतो: एखादा गुळगुळीत घसरता आवाज, अर्धा तुटलेला शब्द, बासरीची एक किंचाळी. हसू तिथे येतं. आपल्याकडे तबल्याची तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) ऐकलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणून तिहाईच घेतली.

माझा ट्रॅक १२० च्या लयीत आहे, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. त्यामुळे हिशेब सुटसुटीत होतो: एक मात्रा ५०० मिलिसेकंद, पाव मात्रा १२५. चार मात्रांच्या एका आवर्तनात अशी सोळा घरं. पाच घरांचा एक बासरीचा तुकडा घेतला, शेवटचा आघात पाचव्या घरावर. मग एक घर मोकळं. असं तीनदा. पाच, एक, पाच, एक, पाच, म्हणजे सतरा. आवर्तनाच्या पहिल्या घरापासून सुरू केलं की तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा आघात सतराव्या घरावर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर नेमका पडतो. हे झालं शास्त्रशुद्ध. ऐकायला गोड, पण हसू नाही.

आता गंमत. त्या शेवटच्या आघाताला डिले, म्हणजे प्रतिध्वनी, लावला, वेळ ३७५ मिलिसेकंद, म्हणजे तीन घरं. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिलेकडे जाणारा सेंड प्री-फेडर केला, म्हणजे मूळ आवाज बंद केला तरी डिलेकडे तो जातच राहतो, आणि मूळ आघाताचा फेडर (आवाजाची पट्टी) पूर्ण खाली ओढला. परिणाम असा की समेवर बासरी गप्प, आणि तिचा प्रतिध्वनी मात्र तीन घरं उशिरा येतो. बोलणारा दिसत नाही आणि उत्तर ऐकू येतं. फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा डिलेत किती सोडायचा ते) ४० टक्क्यांच्या आसपास ठेवला की तो प्रतिध्वनी दोन-तीनदा खाली उतरत जातो.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची निघाली. समेवर किकसुद्धा गाळली तर ऐकणाऱ्याला वाटतं फाइल अडकली. किक समेवर ठणठणीत हवी आणि फक्त बासरी चुकवायला हवी, तरच गंमत कळते. आमच्या तबल्याच्या सरांना दोन्ही प्रकार ऐकवले. पहिल्याला त्यांनी मान हलवली नाही. दुसऱ्याला एकदम हसले आणि म्हणाले, “समेला चकवलंस, पण लय नाही सोडलीस. हे चालेल.” सर ट्रान्स ऐकत नाहीत. त्यामुळे त्यांचं हसणं मला जास्त मोलाचं वाटतं.

रेकॉर्डिंगबद्दल, कारण मागच्या वेळी काहींनी विचारलं होतं. बासरी पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा षड्ज असलेली), तीस इंचांच्या आसपासची नेहमीची मैफलीतली. सगळी भोकं बंद केल्यावर मंद्र पंचम मिळतो, साधारण २४७ हर्ट्झ. म्हणजे २०० च्या खालचं सगळं बेधडक कापता येतं आणि बेसला जागा मोकळी मिळते. बेसचा षड्ज ४१ हर्ट्झवर, त्याचा वरचा ८२ वर. दोघांची गाठच पडत नाही. माइक दोन जागी ठेवून दोन टेक घेतले. एक फूटभर अंतरावरून, बोटांच्या भोकांच्या दिशेनं, त्यात सूर स्वच्छ येतो. दुसरा अगदी फुंकरीजवळ, थोडा बाजूला. आलापीला दुसरा टेक नकोसा वाटेल, पण कापाकापीला तोच कामाचा, कारण तुकड्याला धार फुंकरीच्या ‘फ्’ मुळे येते. सूर गुळगुळीत असला तर १२५ मिलिसेकंदांचा तुकडा नुसता टुकटुक वाजतो.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, कापायला घ्या, हे आवर्जून सांगतो. स्थिर स्वराचे तुकडे केले तर ते स्वरच राहतात. गंधारावरून पंचमाकडे जाणारी मींड कापली की प्रत्येक तुकड्यात एक छोटासा प्रश्न तयार होतो, कारण तो वर जाता जाता थांबतो. असे चार-पाच प्रश्न एकामागे एक लावले की बासरी बोलते आहे असं वाटू लागतं. उलट्या दिशेनं वाजवलेली मींडही घेतली. तिच्यात फुंकर शेवटी येते आणि तुकडा जणू हुंकार देऊन संपतो.

बोलण्याचा भास आणखी वाढवायचा म्हणून फिल्टर लावला. बासरीत, विशेषतः तार सप्तकात, मूळ सुराच्या वरचे स्वरांश फार कमी असतात. फिल्टरला पकडायलाच काही मिळत नाही. त्यामुळे आधी थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित फाटेल एवढं, आणि त्यानंतर ४०० ते १२०० हर्ट्झमध्ये फिरणारा बँडपास, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलेच सूर जाऊ देणारा फिल्टर. क्रम हाच ठेवा. मग ‘ओ’ वरून ‘आ’ कडे जाणारा स्वर खरोखर ऐकू येतो. ऑटोमेशन, म्हणजे फिल्टर कसा फिरेल त्याची रेघ, हातानं, माउसनं काढलं. एलएफओ (तीच हालचाल आपोआप, एकसारखी करणारं साधन) लावला की ते यंत्रासारखं होतं आणि हसू मरतं.

आणि तो ट्रान्समधला प्रसिद्ध रोल, म्हणजे तुकडा अधिकाधिक वेगानं वाजवत नेणं. एकच तुकडा आवर्तनाच्या सोळाव्या भागात, मग बत्तिसाव्यात, मग चौसष्टाव्यात. १२० च्या लयीत चौसष्टावा भाग ३१ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ३२ वेळा. कान साधारण वीसच्या पुढे आघात वेगळे मोजायचं सोडतो आणि त्यांचा एक घुमणारा सूर ऐकू लागतो. आणखी अर्धा केला की ६४ हर्ट्झ, सरळ बेसच्या मुलखात. ताल डोळ्यांदेखत सूर होतो. मी यात थोडा बदल केला: शेवटचा टप्पा ६४ ऐवजी बेसच्या ८२ हर्ट्झवर आणला, त्यासाठी तुकडा १२ मिलिसेकंदांच्या किंचित वर ठेवला. आता बासरी धावत येते आणि बेसच्या अंगात शिरते, बेस तिथूनच उचलतो. ट्रॅकमधली ही जागा मला मनापासून आवडते.

‘फ्लूट फ्रूट’ कडे परत गेल्यावर आणखी एक दिसलं. इतकं सगळं येत असूनही तिथे हात आवरता घेतलाय. बासरीला मोकळं सोडलंय. माझ्या ट्रॅकमध्ये सध्या तिहाई, रोल, बोलते तुकडे हे सगळं पहिल्या तीन मिनिटांतच आहे, आणि समेला सारखं चकवत राहिलो तर ऐकणारा समेवर विश्वास ठेवायचंच सोडेल. त्यामुळे मधली बावीस आवर्तनं पूर्ण सरळ ठेवतोय: किक, बेस, दूरच्या माइकवरची अखंड बासरी, भूपाच्या सुरांत, काहीही न कापता. चकवा त्यानंतर एकदाच.

पुढच्या नोंदीत त्या सरळ भागाची रिव्हर्बची, म्हणजे खोलीतल्या घुमण्याची, बाजू लिहीन. सध्या प्री-डिले (सूर आणि त्याचं घुमणं यांतलं अंतर) ६२ मिलिसेकंदांवर आहे, म्हणजे अर्ध्या घराच्या जवळपास. १२५ वर ठेवून बघायचाय. कुणी श्पाँगलच्या बासरीच्या मागची जागा, म्हणजे ती खोली कानानं मापायचा प्रयत्न केला असेल, तर आकडे नक्की कळवा. कच्चा मिक्स ऐकायला हवा असेल तर तसंही सांगा, तिहाईचा भाग वेगळा काढून ठेवलाय.