लफ्फेदार अक्षरांचं गणित

लाप्लास रूपांतराचा तो लफ्फेदार एल लग्नपत्रिकेतून वाट चुकून गणितात आल्यासारखा दिसतो. पण तो तिथे मिरवायला आलेला नसतो. छोटा ए म्हणजे घटक, मोठा ए म्हणजे संच आणि लफ्फेदार ए म्हणजे अशा संचांचं अख्खं कुटुंब. अक्षरं सव्वीसच, म्हणून वळण बदलून भागवायचं.

लेटेक या गणित छापण्याच्या संगणकीय प्रणालीत हे वळण मागायची नेहमीची आज्ञा ‘मॅथकॅल’. तिच्या महिरपी कंसात मोठा एफ घाला, छान येतो. मग कुणी घाईत पादांकही (अक्षराखालचा छोटा आकडा) त्याच कंसात कोंबतो आणि ‘एफ-एक’चं छापून येतं ‘एफ-∞’. एकाच्या जागी दोन असेल तर खाली ‘चा घटक’ असं सांगणारं ∈ लटकतं. छोटा बी घातला तर ⌊ उगवतो. लेटेक चकार शब्द काढत नाही. कारण हा वेगळा फॉन्टच नाही. लेटेकच्या मुळाशी असलेली टेक प्रणाली लिहिणारे डोनाल्ड कनूथ यांच्या कॉम्प्युटर मॉडर्न या फॉन्टकुटुंबातल्या चिन्हांच्या फॉन्टात ही सव्वीस मोठी अक्षरं पोटभाडेकरू आहेत. आकड्यांच्या आणि छोट्या अक्षरांच्या खोल्यांत चिन्हं राहतात. संभाव्यतेच्या लेखात तर ‘एफ-अनंत’ला खरोखरच अर्थ असतो, त्यामुळे मुद्रितशोधकही फसतो. म्हणून कंसात अक्षर एकटं ठेवावं, पादांक बाहेर.

आणखी नखरा हवा असेल तर ‘मॅथआरएसएफएस’ पॅकेज (म्हणजे लेटेकला जोडायची पुरवणी) आणि ‘मॅथएससीआर’ ही आज्ञा. हा राल्फ स्मिथ यांचा फॉन्ट. यातही मोठीच अक्षरं. देखणा खरा, पण इतका उजवीकडे झुकलेला की शेजारच्या सरळ कंसांत तो घसरून पडेल असं वाटतं. ‘मॅथआल्फा’ पॅकेजमधून मिळणारा ‘आरएसएफएसओ’ हा त्याचाच कमी झुकलेला भाऊ बरा. अक्षररचनाकार हेरमान झाप्फ यांचा ऑयलर फॉन्ट तर जवळजवळ ताठ, फळ्यावर खडूने काढल्यासारखा. मला तोच आवडतो. मात्र ‘यूकॅल’ पॅकेज नुसतं घेतलं तर ते मॅथकॅललाच ऑयलर करून टाकतं. दोन्ही वळणं हवीत तर त्याला ‘मॅथएससीआर’ हा पर्याय द्यायचा.

हौसेलाही मर्यादा आहे. जुन्या टेकमध्ये गणिती फॉन्टांची कुटुंबं सोळाच मावतात, आणि काही जागा आधीच अडलेल्या असतात. एकेक वळण गोळा करत गेलं की एके दिवशी ‘वर्णमाला फार झाल्या’ अशी तक्रार येते. ‘बीएम’ पॅकेज ठळक अक्षरांसाठी जागा अडवतं. ते घेण्याआधी ‘बीएममॅक्स’ आणि ‘एचएममॅक्स’ शून्य केले की सुटका होते.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, वेगळीच गंमत. तिथे मॅथकॅल आणि मॅथएससीआर या दोन्ही वळणांना मिळून एकच जागा. 2021 मध्ये, 14व्या आवृत्तीत, अक्षरामागे एक अदृश्य खूण जोडून वळण सांगायची सोय झाली. पण फॉन्टाला ती खूण कळत नसेल तर त्याच्याकडे असेल तेच वळण येतं. एक्सआयटीएस मॅथ या फॉन्टात दोन्ही आहेत: दुसरं हवं असेल तर मॅथकॅलच्या अक्षरांपुरता शैलीसंच 1 (फॉन्टातल्या पर्यायी अक्षररूपांचा गट) लावायचा.