किमयागाराचा चाकर आणि कँटरबरीची वाट

इंग्लंडमधल्या फेवरशॅमहून बॉटन गावापर्यंत बसने गेलो आणि तिथून कँटरबरीची वाट पायी धरली. इंग्रजी साहित्यातला माझा सर्वांत आवडता किमयागार, म्हणजे साध्या धातूचं सोनं करू पाहणारा माणूस, याच गावापाशी गोष्टीत शिरतो, म्हणून हा हट्ट.

इंग्रज कवी चॉसरने 'कँटरबरी टेल्स' लिहिल्या त्या चौदाव्या शतकाच्या अखेरीस. लंडनहून संत थॉमस बेकेटच्या समाधीला निघालेले यात्रेकरू वाटेत एकमेकांना गोष्टी सांगतात. बॉटनपाशी मागून दोघं घोडे दामटत येतात, काळ्या कळकट झग्यातला एक धर्मगुरू, तोच हा किमयागार, आणि त्याचा चाकर. घाम टिपायला धर्मगुरूने टोपीखाली एक रुंद रानपान दडपलंय. चाकर फुशारकी मारतो की, आमच्या धन्यांनी मनात आणलं तर कँटरबरीपर्यंतचा रस्ता सोन्याचांदीने मढवतील. मग त्यांच्या अंगावर असली लक्तरं का, असं यात्रेकरूंसोबतचा सराईवाला विचारतो आणि चाकराचा सूरच पालटतो. बिंग फुटतंय हे दिसताच धनी पळ काढतो.

गाव संपलं की चढ लागतो. आजूबाजूला ब्लीनचं रान आहे. रोमनांच्या काळापासूनचा हा रस्ता. भरधाव गाड्या आता बाजूच्या हमरस्त्याने जातात, त्यामुळे चालताना विचार करायला सवड मिळते.

या चाकराने सात वर्षं भाता फुंकलाय. पूर्वी तरतरीत, लालबुंद असलेला चेहरा आता शिशाच्या रंगाचा झालाय. पारा, गंधक, हरताळ, नवसागर, जळकी हाडं, लोखंडाचा कीस अशी यादी तो धडाधड म्हणून दाखवतो. सोनं म्हणजे सूर्य, चांदी म्हणजे चंद्र, शिसं म्हणजे शनी, हेही त्याला तोंडपाठ. आणि मग भांडं फुटतं! काही ऐवज जमिनीत जिरतो, काही आढ्याला जाऊन चिकटतो. लगेच भांडण जुंपतं. एक म्हणतो विस्तव जास्त झाला, दुसरा म्हणतो भाता नीट मारला नाही, आणखी एकाचं म्हणणं की सरपण बीचच्या लाकडाचं नव्हतं. शेवटी सगळे खाली सांडलेलं झाडून गोळा करतात आणि पुन्हा कामाला लागतात. मला संपूर्ण कथेत हाच भाग सर्वांत खरा वाटतो. इथे लबाड कोणी नाही, नाद लागलेली माणसं आहेत.

लबाडी पुढच्या भागात येते, आणि चॉसर ती हातचलाखी अगदी जवळून दाखवतो. बीचच्या कोळशाला भोक पाडायचं, त्यात चांदीचा कीस भरायचा, तोंड मेणाने बुजवायचं. मुशीत पारा घालून तो कोळसा नेमका वर ठेवायचा. मेण वितळतं, चांदी खाली ओघळते आणि पाहणाऱ्याला वाटतं पाऱ्याचीच चांदी झाली. दुसऱ्या खेपेला पोकळ काठी, तिसऱ्या खेपेला अस्तनीत लपवलेली चांदीची कांडी. भुललेला लंडनचा पाद्री या नुसत्या कृतीसाठी ४० पौंड मोजतो.

हार्बलडाउन ओलांडून कँटरबरीत शिरलो आणि थेट कॅथीड्रल गाठलं. बेकेटची सोन्याने मढवलेली समाधी १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या हुकमाने मोडली गेली; त्या जागी आता एक मेणबत्ती तेवते. तिथली गर्दी सोडून मी उत्तरेच्या बाजूला चौथ्या हेन्रीच्या, अलाबास्टर या मऊ फिकट दगडात कोरलेल्या थडग्यापाशी बराच वेळ उभा होतो. चॉसर गेला १४०० च्या सुमारास, आणि याच राजाच्या काळात १४०४ मध्ये धातू 'वाढवून' सोनं-चांदी करणं हा गंभीर गुन्हा ठरला. कायद्याची नजर सोन्याचांदीवर होती, चॉसरची त्या चाकराच्या चेहऱ्यावर. पुढे सहाव्या हेन्रीने काही किमयागारांना सोनं करण्याचे रीतसर परवाने दिले. मूळ कायदा मात्र १६८९ पर्यंत टिकला आणि तो रद्द व्हावा म्हणून खटपट केली ती रॉबर्ट बॉइलने. आपण शाळेत वायूच्या नियमासाठी ज्याचं नाव पाठ केलं, तोच हा बॉइल, आणि धातूचं सोनं होऊ शकतं यावर त्याचाही विश्वास होता.