जुन्या असेंब्लीचं डॉक्युमेंटेशन काढायचंय?
८०५१ या मायक्रोकंट्रोलरचा जुना असेंब्ली कोड गळ्यात पडला की लोक आधी डॉक्सिजन (कोडमधल्या कमेंट्सवरून डॉक्युमेंटेशन बनवणारं टूल) लावून बघतात, आणि त्याला असेंब्ली कळतच नाही, मग मध्ये एखादी छोटी स्क्रिप्ट फिल्टर म्हणून बसवायची, जी सेमीकोलनच्या कमेंट्स उचलते आणि लेबलला, म्हणजे कोडमधल्या जागेच्या नावाला, सी फंक्शनचं सोंग देते. चालतं हे, मस्त चालतं. रोबोडॉक नावाचं तसंच दुसरं टूल पण आहे, त्याला भाषेशी फारसं देणंघेणं नाही, ते कमेंट्सच बघतं.

पण लेबल म्हणजे रूटीन (कॉल करून वापरायचा कोडचा तुकडा) नव्हे ना! कितीतरी लेबलं नुसती लूपची असतात, म्हणून एलकॉल-एकॉल या रूटीनला कॉल करणाऱ्या सूचना कुठे जातात ते शोधून तेवढ्यांचीच पानं बनवायची, वर इंटरप्टवाली वेगळी, कारण त्यांना कोडमधून कोणी कॉल करतच नाही, इंटरप्ट आला की हार्डवेअरच तिथे उडी मारतं. आणि पानावर मला हवं काय, तर हे रूटीन काय काय बिघडवून ठेवतं ते: ॲक्युम्युलेटर (मुख्य रजिस्टर, म्हणजेच ए), कॅरी (हातच्याचा बिट), डीपीटीआर (मेमरीचा पत्ता धरणारं रजिस्टर), आणि मुख्य म्हणजे रजिस्टर बँक, म्हणजे आर० ते आर७ चा संच, बदलतं का, कारण बँका ४ आहेत आणि आर० प्रत्येकीत वेगळा, मग कमेंटमध्ये नुसतं "आर० मध्ये काउंट" लिहिलेलं काय कामाचं? "ए मध्ये १ मिळवा" छाप कमेंट्स तर उडवाच. जंप टेबलं (कुठे उडी मारायची ते कोड चालतानाच ठरवणारे तक्ते) मात्र स्क्रिप्टला सापडत नाहीत, ती हातानेच लिहा.