एका वेतातले तीन उंदीर

परवा ऑफिसात परत तोच वाद, दोन गटांत एखादी घटना (मृत्यू, गाठ वगैरे) घडायला लागणारा वेळ ताडून बघायला लॉग-रँक टेस्ट लावायची की विलकॉक्सन. लॉग-रँक सगळ्या घटनांना सारखं वजन देते, गेहानची विलकॉक्सन त्या क्षणी घटना न होता जितके जण निरीक्षणात शिल्लक तितकं वजन देते त्यामुळे सुरुवातीचा फरक तिला जास्त दिसतो, हे तर सगळ्यांना पाठच असतं. पण स्ट्रॅटा, म्हणजे ज्यांच्या आतल्या आतच तुलना करायची ते उपगट, कसे पाडलेत हे कुणी विचारतच नाही, आणि माझ्या मते खरी गोची तिथंच आहे.

आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये रॅट्स नावाचा डेटा आहे, मँटेल आणि मंडळींनी १९७७ साली छापलेला. त्यातल्या फक्त माद्या घ्या. ५० वेतं, प्रत्येक वेतातल्या तीन, एकीला औषध आणि दोघी तशाच. १५० पैकी ४० जणींना गाठ झाली, बाकी सगळ्या सेन्सॉर्ड, म्हणजे त्यांचं निरीक्षण संपेपर्यंत गाठ दिसलीच नाही.

आता प्रत्येक वेत हा एक स्ट्रॅटा धरा आणि पहिलंच वेत बघा. बिनऔषधाच्या एकीला ४९व्या आठवड्यात गाठ, औषधवाली १०१ पर्यंत आणि तिसरी १०४ पर्यंत गाठीशिवाय. ४९ला तिघी शिल्लक होत्या, म्हणजे ती गाठ औषधवालीची असायची अपेक्षा १/३, प्रत्यक्षात ०, फरक उणे १/३ आणि व्हेरियन्स (निव्वळ योगायोगाने होणाऱ्या चढउताराचं माप) १/३ गुणिले २/३ म्हणजे २/९, झालं, त्या वेताचा हिशोब एवढाच. सगळ्या वेतांच्या अशा फरकांची बेरीज करायची, तिचा वर्ग, भागिले व्हेरियन्सची बेरीज, हा लॉग-रँकचा आकडा. माद्यांचं पुढचं वेत १०४, १०२, १०४, तिघी सेन्सॉर्ड, म्हणजे भोपळा! आणि गाठ होईपर्यंत बाकीच्या दोघी गेल्या असतील तर गाठ होऊनही भोपळाच, कारण तुलना करायला समोर कुणी उरलंच नाही ना.

इथं गेहानचं वजन फार तर तीन नाहीतर दोन, त्यामुळे टेस्ट बदलून असा किती फरक पडणार? मोठ्या स्ट्रॅटात मात्र पडतो. एका सेंटरला ४०० पेशंट आणि दुसऱ्याला २० असतील तर गेहानच्या बेरजेत मोठं सेंटर छोट्याला खाऊन टाकतं. पेटो-पेटो ही तिसरी टेस्ट वजन सर्व्हायव्हल कर्व्हवरून, म्हणजे त्या क्षणापर्यंत घटना न झालेल्यांच्या अंदाजी प्रमाणावरून घेते, ते एकाच्या वर जातच नाही, म्हणून मला तीच बरी वाटते.

हे शहाणपण फुकटात नाही आलेलं हां. सेंटर, स्टेज, वयोगट असं सगळं गुणून मी एकदा २४ स्ट्रॅटा पाडले, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) बिघडली म्हणून दोन दिवस कोड तपासत बसले, आणि शेवटी दिसलं काय, तर ११ स्ट्रॅटांची व्हेरियन्स चक्क शून्य, म्हणजे तिथले पेशंट त्या भोपळा वेतांसारखे हिशोबात आलेच नव्हते. कोड बरोबरच होता.